आल्प्समध्ये भेटलेला पाटकरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या युरोप सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या अंकात रोज दिसतात. स्वित्झर्लंडच्या रकान्यात तेच ते असते: बर्फाचा डोंगर, रोपवे, चॉकलेटचे दुकान आणि रात्री भारतीय जेवण. गेल्या सप्टेंबरात मी मुलाकडे बर्नला महिनाभर होते. त्यातला एक दिवस मी ज्या खोऱ्यात घालवला, त्याचे नाव मला यातल्या एकाही जाहिरातीत सापडले नाही, म्हणून हे पत्र.

मी बागलाणातली द्राक्ष बागाईतदार. मोसम नदीच्या काठाला आमची चार एकर बाग आहे, सगळी खायची द्राक्षे. वाइन आमच्या घरात कधी आली नाही, आणि मीही तोवर चाखली नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, तुला बर्फ नको, तुला बागा दाखवतो," आणि शनिवारी सकाळी आम्ही गाडीत बसलो.

हे खोरे ऱ्होन नदीचे. फ्रेंच बोलणारे त्याला वाले म्हणतात, जर्मन बोलणारे वालिस. स्वित्झर्लंडमध्ये सर्वांत जास्त वाइन इथेच होते. बर्नहून जाताना गाडी लोचबर्गच्या ३४.६ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरते. बोगद्यात शिरताना पाऊस भुरभुरत होता, बाहेर आलो तर लख्ख ऊन. उत्तरेला आणि दक्षिणेला चार-चार हजार मीटरचे डोंगर उभे आहेत, ते ढग अडवतात. त्यामुळे खोऱ्यातल्या सिओं शहरात वर्षाकाठी साधारण सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो. समोर बर्फाची शिखरे आणि खाली पायाला भेगाळलेली माती. असे कोरडे रान मला नवीन नाही, पण आल्प्समध्ये ते असेल असे वाटले नव्हते.

सिओंमध्ये शेजारी शेजारी दोन टेकड्या आहेत. एकीवर तूर्बियोंचा किल्ला, १७८८ च्या आगीत जळालेला, आता नुसत्या भिंती. दुसरीवर वालेरचे तटबंदी असलेले जुने चर्च. माझे गुडघे दुखतात, तरी वालेर चढले. आत पंधराव्या शतकातला ऑर्गन आहे. पाकोळीचे घरटे भिंतीला चिकटलेले असते तसा तो उंचावर चिकटवलेला आहे, आणि तो आजही वाजतो. आम्ही गेलो तेव्हा कोणी वाजवत नव्हते. अर्धा तास त्या गारव्यात बसून राहिलो, तेवढेही पुरेसे वाटले.

बाहेर येऊन तटावरून पाहिले आणि समोरचा डोंगर बघतच राहिले. पायथ्यापासून वरपर्यंत दगडी ताली, आणि प्रत्येक तालीवर द्राक्षाच्या चार-सहा ओळी. आपल्यासारखा मांडव नाही, छातीएवढ्या वेली. जवळ गेल्यावर ताल हाताने चाचपून पाहिली. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसवलेला, फटीत चिपा ठोकलेल्या, पाणी झिरपून जायला वाट ठेवलेली. दुपारच्या उन्हाने दगड तव्यासारखे तापले होते. हीच ऊब रात्री वेलीला मिळते, असे एका बाईंनी सांगितले. अशा कोरड्या दगडी बांधकामाच्या कलेला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आठ देशांची ती नोंद होती, त्यात स्वित्झर्लंडही होते. माझ्या माहेरी डोंगरउतारावर अशाच ताली होत्या. पडलेल्या दगडांतून आम्ही गोठा बांधला.

पण ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते पुढे आहे.

सिओंहून बसने वर आयां भागातल्या बोतीर गावात गेलो. तिथे पाटांचे संग्रहालय आहे. हिमनद्यांचे वितळलेले पाणी डोंगराच्या कडेकडेने शेतांवर आणणाऱ्या या पाटांना तिथे बिस म्हणतात. काही पाट मध्ययुगातले, आणि त्यांतले कितीतरी अजून वाहतात. जिथे सरळ कडा आहे तिथे कड्यात लाकडी तुळया रोवून त्यावर फळ्यांची पन्हळ टांगलेली. दोराला लोंबकळत माणसांनी ती बसवली.

पाणी कोणाला किती तास, हे लाकडी काठीवर खाचा पाडून ठरवत. पाट गावच्या मंडळीच्या सामाईक मालकीचा, दुरुस्तीला प्रत्येक घरचा माणूस, आणि देखरेखीला नेमलेला एक राखणदार. त्याच्यासाठी पाटावर एक चाक बसवलेले असे. पाणी वाहते तोवर चाक फिरायचे आणि त्याला जोडलेला लाकडी हातोडा फळीवर ठक ठक आपटत राहायचा. रात्री तो आवाज थांबला की राखणदार झोपेतून उठायचा: पाट फुटला.

मुलगा फ्रेंच पाटी वाचून मला मराठीत सांगत होता. मधेच मी म्हणाले, "अरे, हा तर पाटकरी!"

पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा विदर्भातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आमच्याकडे मोसम, आरम आणि तिकडे पांझरा या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी पाटकऱ्याने भरायचे, शेतकऱ्याने स्वतः बारे, म्हणजे शेतात पाणी घ्यायचे तोंड, फोडायचे नाही. राखणीला जागले, वर पंच. माझे सासरे, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पंचांत होते. पाट काढायच्या दिवशी गावातल्या प्रत्येक खातेदाराच्या घरचा माणूस फावडे घेऊन हजर असायचा, आणि जो आला नाही त्याला दंड. पुढे विहिरी झाल्या, बोअर झाले, ज्याचे त्याचे पाणी झाले. माझ्या लग्नानंतर दहा-बारा वर्षांत आमच्या गावचा फड मोडला. मोडण्यात आमचेही घर होते. द्राक्षबाग लावायला आम्हीच पहिल्यांदा फडाबाहेर पडलो. मला त्याचे तेव्हा काही वाटले नाही. बोतीरला मात्र वाटले.

परतताना सिओंच्या वरच्या अंगाला क्लावोच्या पाटाकाठाने चाललो. एका हाताला ताली, दुसऱ्या हाताला टीचभर खोल पाणी, आणि पाट आजही त्याच बागांना पाणी देतो. द्राक्षकाढणी चालू होती. बागेतल्या एका छोट्या दगडी खोलीत एक बागाईतदार बाई वाइन चाखायला देत होत्या. तिथे पतित आर्विन नावाच्या तिथल्याच पांढऱ्या द्राक्षाची वाइन मी दोन घोट घेतली. आधी पपनसासारखी आंबट आणि शेवटी जिभेवर मिठाचा कण ठेवल्यासारखी. सोबत राईचा काळा पाव आणि वितळवलेले चीज. मी एक बाटली घेतली आणि शंभर फ्रँकची निळी नोट पुढे केली. त्या हसल्या, नोट उलटीसुलटी करून एका चित्रावर बोट ठेवले: कड्याला टांगलेला पाट. आयांचाच. ज्या देशाच्या बँका जगभर प्रसिद्ध, त्याने आपल्या नोटेवर पाट छापला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने सात देशांचे पारंपरिक सिंचनही वारशाच्या यादीत घेतले, त्यात हे पाट आहेत.

आमच्या जिल्ह्यातही वाइनच्या सहली निघतात. एका ठिकाणी मी मैत्रिणींबरोबर गेले होते. टाक्या दाखवल्या, ग्लास कसा धरायचा ते शिकवले. पण द्राक्षे कोणत्या गावची आणि त्यांना पाणी कुठून येते, हे सोबतच्या मुलाला सांगता आले नाही. त्या मुलाचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेच नसणार.

जुलै २०२५ मध्ये साल्हेर किल्ला जागतिक वारसास्थळांत गेला. आता पर्यटक येतील, आणि साल्हेर-मुल्हेरकडे जाणारा रस्ता मोसमच्या काठानेच जातो. वाटेत जुने बंधारे आहेत, त्यांच्यावर साधी पाटीसुद्धा नाही. पर्यटन आणि जलसंपदा विभागाने निदान या बंधाऱ्यांची नोंद करावी आणि जिथे फड अजून चालतो तिथल्या पंचांना दुरुस्तीला मदत द्यावी. फडाचे पाणी भरलेली माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून पाळ्यांचे नियम लिहून घ्यावेत. आमच्या गावात असे दोघेच उरले आहेत, दोघेही ऐंशीच्या पुढचे. सहल कंपन्यांनाही विनंती, स्वित्झर्लंडच्या आठ दिवसांतला एक दिवस या खोऱ्याला द्या. रेल्वेच्या साध्या तिकिटावर सकाळी जाऊन रात्री परत येता येते.

आमच्याकडे अर्ली द्राक्षांची काढणी नोव्हेंबर-डिसेंबरात असते. आपल्या वाचकांपैकी कोणी तेव्हा आले, तर बंधाऱ्यापर्यंत मी स्वतः घेऊन जाईन. पाट बुजला आहे, पण बंधाऱ्यातले पाटाचे तोंड अजून दिसते.

आपली,
एक द्राक्ष बागाईतदार
मोसम खोरे, ता. बागलाण, जि. नाशिक