नव्या समाजमाध्यमाला जोडणीचा हक्क हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस चेन्नईच्या झोहो कंपनीचे ‘अरट्टाई’ हे संदेश पाठवण्याचे अ‍ॅप एकाएकी सर्वांच्या तोंडी झाले, केंद्रीय मंत्र्यांनी त्याची शिफारस केली आणि नवे, त्यातही स्वदेशी, समाजमाध्यम सर्वसामान्य माणसांत रुजू शकेल का, ही चर्चा पुन्हा सुरू झाली. या चर्चेत बहुतेक जण अ‍ॅपच्या गुणदोषांविषयी बोलतात. माझी सारी नोकरी दूरसंचार खात्यात झाली असल्यामुळे मला हा प्रश्न मुळात जोडणीचा, म्हणजे एका कंपनीच्या सेवेवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी संपर्क साधता येण्याचा, वाटतो. त्या बाजूने त्याचा विचार फारसा होत नाही, याची खंत वाटते म्हणून हे पत्र.

केवळ गुणांवर यश मिळत असते, तर ‘कू’ हे स्वदेशी समाजमाध्यम आज जोमात असते. २०२० साली बंगळूरूत सुरू झालेल्या या माध्यमात मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय होती, मंत्र्यांनी व सरकारी खात्यांनी तेथे हजेरी लावली होती आणि केंद्राच्या आत्मनिर्भर भारत अ‍ॅप स्पर्धेत त्याचा गौरवही झाला होता. जुलै २०२४ मध्ये ते बंद झाले. ‘हाइक’ची संदेशसेवा त्याआधीच, जानेवारी २०२१ मध्ये, थांबली होती. योगायोग असा की त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या गोपनीयता धोरणावरून देशभर संताप उसळला होता आणि ‘सिग्नल’ हे दुसरे संदेशांचे अ‍ॅप उतरवून घेणाऱ्यांची रीघ लागली होती. त्या धोरणाबद्दल स्पर्धा आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपची मालक असलेल्या मेटा कंपनीला नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, पण तोवर संतापलेले बहुतेक लोक जुन्याच जागी परतलेले होते.

ते का परतले, हे समजण्यासाठी नागपुरातील कोणत्याही मध्यमवर्गीय घरातल्या फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅप पाहावे. मुलांच्या शाळेच्या सूचना त्यावर येतात, वसाहतीत टँकर केव्हा येणार ते त्यावर कळते, किराणा दुकानदाराला यादी त्यावरच जाते आणि इतवारीतला व्यापारी नव्या साड्यांची छायाचित्रे त्यावरच पाठवतो. लग्नाची पत्रिका त्यावर येते आणि कुणाची अंत्ययात्रा किती वाजता मोक्षधामकडे निघणार, हेही हल्ली त्यावरच समजते. अशा माणसाला ‘तुम्ही नवे अ‍ॅप घ्या’ असे सांगणे सोपे आहे. परंतु शाळा, दुकानदार, पुण्याची बहीण आणि भंडाऱ्याचे काका हे सर्व जण एकाच आठवड्यात तिकडे येणार नसतील, तर त्याने एकट्याने जाऊन करायचे काय? आमच्या वसाहतीतील कितीतरी जणांनी असे एक नवे अ‍ॅप उत्साहाने घेतले, एकमेकांना नमस्कार पाठवले आणि थोड्याच दिवसांत सगळे आपापल्या जुन्या गटांत बोलू लागले. त्यांना आळशी किंवा स्वाभिमानशून्य म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ते आपल्या माणसांच्या सोबत राहिले, एवढेच त्यांनी केले.

याला अपवाद नाहीत असे नाही. ऑर्कुट सोडून फेसबुककडे जाणारी पिढी आपण पाहिली. पण तेव्हा इंटरनेट प्रामुख्याने तरुणांपुरते आणि सायबर कॅफेपुरते होते. शाळा, दुकान आणि नातेवाईक त्यात गुंतलेले नव्हते. २०२३ च्या जुलैत ‘थ्रेड्स’ या नव्या समाजमाध्यमाने पाच दिवसांत दहा कोटी लोक मिळवले, ते इन्स्टाग्रामवरचे खाते आणि तिथली ओळखीची माणसे तशीच सोबत आणता येत होती म्हणून. केवळ पैशाच्या आणि आयत्या खात्यांच्या बळावरही हे साधत नाही, कारण जीमेलची अफाट खाती हाताशी असूनही ‘गूगल प्लस’ या समाजमाध्यमाला एप्रिल २०१९ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. दुसऱ्या टोकाला ‘मॅस्टोडॉन’सारखी, जाहिराती नसलेली आणि एका कंपनीच्या मुठीत नसलेली माध्यमे आहेत. त्यांचे तत्त्व मला मनापासून पटते, पण खाते उघडतानाच कोणता सर्व्हर (म्हणजे खाते ज्यावर राहील तो संगणक) निवडणार, असे विचारणाऱ्या माध्यमापाशी सामान्य माणूस अडखळणारच.

आता दूरध्वनीकडे पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या ग्राहकालाही एअरटेल, व्होडाफोन किंवा बीएसएनएलच्या ग्राहकाशी बोलता येणे आवश्यक होते, कारण परस्परजोडणी ही आपल्याकडे कायद्याची बाब आहे आणि ती नीट चालावी ही जबाबदारी १९९७ च्या कायद्याने दूरसंचार नियामक प्राधिकरणावर टाकलेली आहे. जुन्या कंपन्या पुरेशी जोडणी देत नाहीत आणि कॉल लागत नाहीत, अशी तक्रार झाली तेव्हा प्राधिकरणाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एअरटेल, व्होडाफोन व आयडिया या तीन कंपन्यांना मिळून सुमारे ३,०५० कोटी रुपयांचा दंड करण्याची शिफारस केली. शिवाय जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर होतीच. या दोन गोष्टी नसत्या, तर फुकट डेटा देऊनही लोकांनी जिओचे कार्ड दुय्यम म्हणूनच वापरले असते, असे माझे ठाम मत आहे. २०१६ मध्येच आलेल्या यूपीआयमध्येही हेच तत्त्व आहे: सीताबर्डीवरच्या फेरीवाल्याकडे कोणत्या कंपनीचा कोड लावला आहे, हे पैसे देणाऱ्याला पाहावे लागत नाही. बोलणे आणि पैसे पाठवणे यांसाठी जे तत्त्व आपण मान्य केले, ते संदेशांना लागू का करू नये?

युरोपीय संघाने हे पाऊल उचलले आहे. तेथील डिजिटल बाजारपेठ कायद्यानुसार मार्च २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅपसारख्या मोठ्या सेवांवर, मागणी करणाऱ्या इतर सेवांशी संदेशांची जोडणी देण्याचे बंधन आहे. सुरक्षिततेचा आक्षेप येथे रास्त आहे, कारण दोन वेगळ्या सेवांमधून जाणारा संदेश मध्येच कुणाला वाचता येऊ नये, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम आहे. मात्र त्याच कायद्याने सांकेतिकरणाची, म्हणजे संदेश मध्येच वाचता येऊ नये म्हणून तो गुप्त रूपात बदलण्याची, पातळी कमी होता कामा नये, अशी अटही घातली आहे. काम अवघड आहे म्हणून ते टाळण्याची मुभा बलाढ्य कंपन्यांना देणे मला मान्य नाही.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात समाजमाध्यमे व संदेशसेवा या दोहोंचा समावेश होता आणि वापरकर्त्याला आपली माहिती दुसऱ्या सेवेकडे नेता यावी, अशी तरतूदही होती. तेवढ्याने भागणार नाही. मी माझी सगळी छायाचित्रे आणि जुने संदेश नव्या अ‍ॅपमध्ये नेले, तरी ज्यांच्याशी बोलायचे ते मागेच राहणार असतील, तर नवे अ‍ॅप माझ्या काय कामाचे? स्वदेशी अ‍ॅप वापरण्याचे आवाहन करणाऱ्या मंत्र्यांनी म्हणूनच लोकांच्या देशप्रेमावर भार टाकण्याऐवजी, ठरावीक संख्येपेक्षा अधिक वापरकर्ते असलेल्या प्रत्येक संदेशसेवेला इतर सेवांशी जोडणी देणे बंधनकारक करावे. सुरुवात दोन व्यक्तींमधील मजकूर आणि छायाचित्रांपासून करावी, गट आणि कॉल नंतर आणावेत. युरोपातील कायद्यानेही असाच टप्प्याटप्प्याचा क्रम ठरवला आहे.

विदर्भातील खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा, ग्राहक संघटनांनी त्यासाठी निवेदने द्यावीत आणि आपल्या दैनिकाने या मसुद्यातील तरतुदी सोप्या मराठीत वाचकांपुढे ठेवाव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी,
प्रतापनगर, नागपूर