वारेचा डबा परत पाठवताना

गोव्यातल्या सत्तरी तालुक्याकडच्या आरोग्य केंद्रातल्या रात्रपाळीच्या सिस्टरांना,
स. न. वि. वि.

बाळंतपणानंतर रक्तस्राव होत असलेल्या, तुम्ही पाठवलेल्या बाळंतिणीबरोबर १०८ च्या गाडीतून आणखी तीन वस्तू उतरल्या: वेळा लिहिलेली चिठ्ठी, भिजलेल्या पॅडची गाठ मारलेली पिशवी आणि झाकणाच्या डब्यात वार (प्लॅसेंटा). धावपळीत हे सामान कुणाला सुचत नाही. तुम्हाला सुचले, म्हणून हे उघड पत्र.

आधी चिठ्ठीबद्दल. 'अंगावरून खूप जात आहे' एवढ्यावर भागवलेल्या चिठ्ठ्या आमच्याकडे पुष्कळ येतात. खूप म्हणजे किती, ते तुम्ही लिहिलेत: कोरड्या पॅडचे वजन वजा करून ८५० ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली रक्त. गर्भजलाने भिजलेली चादर तुम्ही या हिशेबातून आधीच बाजूला काढली होती. नुसत्या नजरेचा अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. चादर रक्त पिते, उरलेले कमरेखाली साचते आणि पाचशेचे दोनशे वाटतात. आफ्रिकेतल्या चार देशांतला मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली आणि जास्त रक्त दिसताच सगळे उपचार एकदम सुरू केले, तेव्हा गंभीर रक्तस्रावाचे आणि त्यापायी होणाऱ्या पोटाच्या ऑपरेशनांचे आणि मृत्यूंचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. तुमच्याकडे तशी पिशवी नसेल, पण बाळाचा वजनकाटा होता आणि तो तुम्ही वापरलात.

त्याखालची ओळ: नाडी १२४, बीपी १०६/७०. हा बीपी बघून पुष्कळ जण निर्धास्त होतात. तरुण बाईचे शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी बराच वेळ धरून ठेवते आणि मग एकदम सोडते. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या पुढे गेला, की घंटा वाजलीच म्हणायची. तुम्ही ती ऐकलीत आणि डॉक्टरांना उठवून गाडी मागवलीत.

पोटावरच्या हाताचे काम चिठ्ठीत एकाच शब्दात आहे, 'मसाज'. करणाऱ्यालाच त्याची किंमत ठाऊक. बेंबीपाशी हात ठेवला की गर्भपिशवी भिजवलेल्या कणकेसारखी लागते. गोल चोळत राहिले की ती नारळासारखी घट्ट होते आणि हात काढला की पुन्हा ढिली पडते. पिशवी ढिली असताना आतल्या रक्ताच्या गाठी काढायला वरून जोर दिला तर ती उलटी होऊन बाहेर येण्याचा धोका असतो, म्हणून आधी घट्ट करायची, मग गाठी. आणि भरलेले मूत्राशय! ते पिशवीला वर आणि एका बाजूला ढकलते, आकुंचन पावू देत नाही. तुम्ही कॅथेटर घातलात आणि ४०० मिली लघवी निघाली. नुसत्या इंजेक्शनांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

इंजेक्शनांचा क्रमही अचूक होता. बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचे (गर्भपिशवी आकसवणारे औषध) १० युनिट मांडीत, रक्त वाढल्यावर एक लिटर सलाइनमध्ये २० युनिट, मिनिटाला ६० थेंबांनी. (ते झटक्यात शिरेत ढकलले तर बीपी कोसळतो.) रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या, दहा मिनिटांत सावकाश, बाळंतपणानंतर २५ मिनिटांच्या आत. त्याचा उपयोग पहिल्या तीन तासांतच आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिराने तो घटत जातो. 'गरोदरपणात बीपी वाढलेला, मेथर्जिन दिले नाही' ही नोंद वाचून (पिशवी आकसवणारे हे औषध बीपी आणखी वाढवते) आमचाही पुढचा निर्णय सोपा झाला. तिला दमा नाही हेही तुम्ही विचारून ठेवले होते, त्यामुळे पिशवी आकसवणारे, पण दम्यात न चालणारे कार्बोप्रोस्ट द्यायला आम्हाला थांबावे लागले नाही. पावसात वीज गेली की ऑक्सिटोसिनच्या कुप्या बर्फाच्या डब्यात हलवता, तेही गाडीबरोबर आलेल्या मावशींनी सांगितले. २ ते ८ अंशांबाहेर राहिलेली कुपी दिसायला तशीच असते, फक्त हवे तेव्हा काम देत नाही.

दोन्ही हातांत मोठ्या सुया, एक करडी, एक हिरवी (रंगावरून सुईची जाडी कळते). शिरा बसल्यावर त्या घालणे म्हणजे काय, ते आम्ही जाणतो. सुई घालतानाच क्रॉसमॅचसाठी (द्यायचे रक्त जुळते का ते तपासायला) रक्त काढून, नळीवर नाव-वेळ लिहून पाठवलेत, म्हणून ती आल्या आल्या नमुना रक्तपेढीकडे गेला. अंगावर दोन चादरी होत्या, तेही बरे केलेत, कारण थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही.

आता डबा. वार ताटात पसरली तर कडेला एक पाकळी कमी होती आणि बाळाभोवतीचा पडदाही तिथेच फाटलेला. आत काय राहिले आहे, हे आम्हाला बाळंतिणीला हात लावण्याआधी कळले. वार केंद्रावरच टाकून दिली असती तर ढिली पिशवी, फाटलेले गर्भाशयमुख, न गोठणारे रक्त, हे सगळे एकेक करून शोधत बसावे लागले असते आणि तेवढा वेळ अंगावरून जातच राहिले असते.

सिस्टर, तुमचे, मावशींचे आणि सत्तरीहून बांबोळीच्या आमच्या हॉस्पिटलपर्यंतच्या वाटेत पोटावरचा हात न काढणाऱ्या गाडीतल्या ताईंचे मनापासून आभार. बाळंतीण बरी आहे, बाळ अंगावर पिते आहे. डबा हायपोच्या (जंतुनाशक) पाण्यात ठेवून धुतला आहे, आज दुपारच्या गाडीने परत येईल. झाकण जरा सैल झाले आहे, तेवढे बदलून घ्या.

आपले,
लेबर रूममधील सहकारी