अजून दहा पावलं बाकी असताना बोललात, त्याबद्दल

प्रिय काका,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या दक्षिण भागात, ओझार्कच्या डोंगरात, मार्क ट्वेन राष्ट्रीय वनातली ती सोंड, एप्रिलमधली सकाळ, आणि ओकच्या जाड बुंध्याला पाठ लावून बसलेले तुम्ही, एवढीच ओळख. तिथल्या तिथे इंग्रजीत ‘थँक यू’ म्हणालो, पण घशातून शब्द नीट फुटला नाही. मनातलं सगळं मराठीतच येतं, म्हणून हे पत्र मराठीत. दुसरं कारण असं की आमच्या ओळखीतली दोघं-तिघं पुढच्या वसंतात पहिल्यांदा टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचं परमिट काढणार आहेत. भारतात वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हे शिकवणारं वडीलधारं माणूस आमच्या घरांत नाही. तुम्ही काय केलंत ते त्यांना कळलंच पाहिजे.

नर तुमच्यापासून पन्नास पावलांवर होता. पिसारा पूर्ण फुललेला, पंखांची टोकं जमिनीवर घासत, डोकं कधी पांढरं, कधी निळसर, गळ्याशी लालभडक. छातीवरून लोंबणारी केसांसारख्या पिसांची दाढी तुम्हाला स्वच्छ दिसत होती. बंदूक गुडघ्यावर टेकलेली होती. चाळीस यार्डांच्या आत आल्याशिवाय बार टाकायचा नाही हा तुमचा नेम, आणि तो पाळायला आणखी दहा पावलं पुरे होती. तेवढ्यात त्याच्या पलीकडच्या झुडपातून मी वाकून पुढे सरकत होतो, त्याच्याच आवाजावर.

तुम्ही मोठ्याने, सरळ माणसाच्या आवाजात म्हणालात, ‘हंटर हिअर!’ हात हलवला नाहीत, शीळ घातली नाहीत, टर्कीचा आवाज तर मुळीच काढला नाहीत. नर मान ताठ करून वळला आणि दोन उड्यांत दरीकडे गेला. सकाळ संपली.

ती सकाळ तुम्हाला कितीला पडली हे आता मला कळतं. टर्की रात्री झाडावर बसतात. म्हणून आदल्या संध्याकाळी सूर्य बुडताना सोंडेवर उभं राहून घुबडाचा आवाज काढायचा. त्याला नर ‘गॉबल’ करून उत्तर देतो आणि त्याचं झाड कळतं. दुसऱ्या दिवशी उजाडण्याच्या तासभर आधी, टॉर्च न लावता, पाचोळा न वाजवता त्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांवर जाऊन बसायचं. जास्त जवळ गेलं तर तो वरूनच बघतो. फार लांब राहिलं तर खाली उतरल्यावर माद्या त्याला दुसरीकडे नेतात. फांदीवरून जागी होणारी मादी जशी दबक्या आवाजात बोलते, तसं दोन-तीनदा बोलायचं आणि गप्प बसायचं. खरी गोची इथेच असते. निसर्गात मादी नराकडे चालत जाते, नर पिसारा फुलवून जागेवर थांबतो. आपण त्याला उलटं वागायला सांगत असतो. मध्ये ओढा, कुंपण किंवा घळ असेल तर तो पलीकडेच अडून राहतो आणि तासभर ओरडत बसतो.

सात वाजेपर्यंत तो माद्यांबरोबर गेला तर नवखे लोक घरी जातात. तुम्ही बसून राहिलात. या दिवसांत माद्या रोज एकेक करत दहा-बारा अंडी घालतात, सकाळ चढली की एकेक मादी घरट्याकडे निघते आणि नऊनंतर नर एकटा पडतो. मग तो हाकेला येतो. सार्वजनिक जमिनीवर दुपारी एकला बंदूक खाली ठेवावी लागते, त्यामुळे नऊ ते एक हे चार तास सोन्याचे. तुमचा नर त्याच वेळेत, त्याच कारणाने येत होता. तुमचा हिशोब बिनचूक होता. तो तुम्ही माझ्यासाठी मोडलात.

आता हात का हलवायचा नाही ते लिहितो, कारण हे मला आधी कोणीच समजावलं नव्हतं. झुडपात बसलेल्या माणसाचा हात साधारण टर्कीच्या डोक्याच्या उंचीला असतो. फिकट तळवा क्षणभर दिसतो आणि जातो. वसंतातल्या नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं. म्हणून हे तीन रंग टोपीत, मोज्यात, बनियनच्या गळ्यात, रुमालात, कुठेही नकोत. आणि माझ्या गळ्यात लाल रुमाल होता. कॉलरच्या वर बोटभर दिसत होता. हातात बॉक्स कॉल, म्हणजे खडू लावलेलं झाकण घासून टर्कीचा आवाज काढायची लाकडी डबी, त्याच्यावर मी मादीचा आवाज काढत येत होतो. म्हणजे तुमच्या कानावर मादीचा आवाज, आणि डोळ्यांसमोर हालणाऱ्या पानांत लाल ठिपका. घाईचा माणूस असता तर त्याला तिथे दुसरा नर दिसला असता.

तुम्हाला माणूस दिसला. पक्षी डोक्यापासून पायापर्यंत, दाढीसकट दिसल्याशिवाय तुम्ही ट्रिगरजवळ बोट नेत नाही, म्हणून दिसला.

पुढे येऊन तुम्ही रागावला नाहीत. त्या रुमालाकडे फक्त बोट दाखवलंत. मी तो काढून खिशात कोंबेपर्यंत थांबलात, मग तुमच्या जॅकेटच्या खिशातून माणूस आहे हे लांबून कळावं म्हणून केशरी कापडाची पट्टी काढून माझ्या पाठपिशवीला बांधलीत. गाठ दोनदा ओढून बघितलीत. तुमची बोटं खडूने पांढरी झालेली होती, त्या पट्टीवर ठसा उमटला. अजून आहे.

ज्यांनी मला आधी जंगलात पाठवलं त्यांच्याबद्दल मनात अजून राग आहे, तो लपवत नाही. ‘आवाज आला की त्या दिशेने हळूहळू सरक, गाठशील त्याला,’ हा सल्ला तीन जाणत्या म्हणवणाऱ्यांनी दिला होता. वसंतातल्या टर्कीच्या बाबतीत याहून वाईट सल्ला नाही. टर्कीला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, रंगही दिसतात, त्यामुळे सरकत जाणाऱ्याला पक्षी सहसा मिळत नाही. आणि सार्वजनिक जमिनीवर तो आवाज पक्ष्याचाच असेल याची खात्री नसते, तो तुमच्यासारख्या बसलेल्या माणसाचाही असू शकतो. एकाने मला नराचा डिकॉय, म्हणजे आमिषाचा खोटा पक्षी, विकत घ्यायला लावला, पण तो उघडा खांद्यावर टाकून न्यायचा नाही, केशरी पिशवीत न्यायचा, हे त्याच्या तोंडून निघालं नाही. मिळालेला पक्षीही केशरी कापडात गुंडाळूनच गाडीपर्यंत आणायचा असतो. बंदुकीच्या नळीच्या तोंडाचा चोक (छर्रे एकवटणारा अरुंद भाग) कोणता, काडतूस किती इंची, यावर मात्र तासन्‌तास चर्चा. ती चर्चाही अर्धवट. बंदूक कागदावर चालवून बघ, चाळीस यार्डांवर दहा इंची वर्तुळात शंभर छर्रे बसले नाहीत तर अंतर कमी कर, हे तुम्ही गाडीजवळ उभ्या-उभ्या दोन मिनिटांत सांगितलंत.

आणि झाड. तुम्ही मला परत त्या ओकपाशी नेलंत आणि पाठ टेकवून बसवलंत. बुंधा खांद्यांपेक्षा रुंद हवा आणि डोक्याच्या वर गेलेला हवा. मागून कोणी चुकून बार टाकला तर तो लाकूड अडवतं आणि समोरून आपली आकृती मोडते. समोर साठ-सत्तर यार्ड मोकळं दिसायला हवं. पायाखालचा पाचोळा आधीच बाजूला करून माती उघडी करायची, म्हणजे नंतर हलताना वाजत नाही. बसण्याआधी पँटचे पाय मोज्यात खोचायचे, कारण तिथली गोचीड भयंकर. ठिपकेवाल्या लोन स्टार गोचिडीच्या चाव्याने पुढे लाल मांसाचीच अ‍ॅलर्जी होऊ शकते. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी फवारून वाळवायचं, अंगाला लावायचं नाही.

माझा बॉक्स कॉल तुम्ही हातात घेतलात, झाकण एकदा ओढलंत आणि मान हलवलीत. दवाने खडू ओला झाला होता, आवाज घसरत होता. तुम्ही जुना खडू कापडाने पुसलात, नवा लावलात, आणि कॉल प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिलात.

त्या जंगलातली एकही टर्की आयती आलेली नाही, काका. विसाव्या शतकाच्या मध्याला मिसुरीत ती काही हजारांवर आली होती. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून बघितले, ते जंगलात टिकले नाहीत. मग रानटी पक्षी जाळ्यात धरून एका भागातून दुसऱ्या भागात नेऊन सोडले, तेव्हा कुठे १९६०मध्ये वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली. १९७६मध्ये इथल्या लोकांनी स्वतः मत देऊन वन्यजीवांसाठी एक अष्टमांश टक्का विक्रीकर स्वतःवर लावून घेतला. ज्यांनी आयुष्यात बंदूक धरली नाही तेही दुकानात दर डॉलरमागे तो देतात. सगळ्यांच्या असलेल्या जमिनीवर माणसं कशी वागतात त्यावर हे सगळं उभं आहे. दरवाजा नाही, रखवालदार नाही. खाजगी हद्दीच्या झाडांवर जांभळा पट्टा असतो, तो दिसला की मागे वळायचं. आणि दोन सोंडांच्या मध्ये एक अनोळखी माणूस असतो, त्याने बोलायचं की गप्प राहायचं हे त्याचं त्यानेच ठरवायचं असतं.

लाल रुमाल आता स्वयंपाकघरात गरम भांडी धरायला आहे. केशरी पट्टी पिशवीलाच आहे, गाठ सोडलेली नाही. मोसम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडेल. खडीच्या रस्त्याच्या टोकाला तुमची हिरवी पिकअप दिसली, तर मी गाडी न थांबवता पुढच्या खिंडीत जाईन. तुमच्या वायपरखाली एक खडूची नवी वडी ठेवून जाईन, कोरड्या पिशवीत.

तुमचा,
पलीकडच्या झुडपातला