ज्वारीची खाज

सोलापूर,
रविवार, भर दुपार

प्रिय दिल्या,

हसायचं असेल तर आधी हसून घे, मग पुढं वाच. आमच्या घरातल्या उंदराला खाज सुटलीय आणि त्यापायी मला झोप नाही. हे इथं कुणाला सांगायची सोय नाही बे. अण्णांनी जन्मभर कारखान्यात सुताच्या गाठोड्यांमागं पिंजरे लावले, आणि त्यांच्याच वाड्यात मी उंदरं पाळायलोय. नाना म्हणतो, "आता मांजराचा पगार बंद कर."

पोरगी पुण्याला गेली. तिथं घरमालकीण प्राणी ठेवू देत नाही, म्हणून ज्वारी आणि बाजरी माझ्या गळ्यात. एकटं ठेवलं की झुरतात, म्हणून दोघी बहिणी. पांढरी ती ज्वारी. नावं पोरीनंच ठेवलेली. मी ठेवली असती तर एकीचं नाव तुझंच असतं.

तर ज्वारी मानेवर आणि खांद्यावर खाजवायला लागली. मागचा पाय पोचतो तिथंच खपल्या, बाकी अंग स्वच्छ. नखांनीच फाडते स्वतःला. आणि रात्री! सगळं सामसूम झालं की तो खरखर आवाज. दिल्या, तो आवाज मी ओळखतो. बोर्डिंगात तुला खरूज झाली तेव्हा शेजारच्या कॉटवर मीच होतो. तुझीही रात्रीच वाढायची. ते पांढरं उग्र औषध गळ्यापासून तळपायापर्यंत चोपडून तू चड्डीवर उभा, आणि बाहेर सगळ्या खोलीच्या चादरी उकळत्या पाण्यात. (रेक्टरला मी नव्हतं सांगितलं. पक्यानं सांगितलं. किती वर्षं तेच धरून बसणार?)

सल्ले तर विचारू नकोस. एक म्हणाला करंजाचं तेल लाव, दुसरा म्हणाला ढेकणांची पावडर मार. अरे, उंदीर दिवसभर अंग चाटतो. कातडीवर लावलं ते पोटात गेलंच समज. शेजारच्या अक्कांनी तर बाप्पाचं वाहन म्हणून अंगारा आणून दिला. तो मी लावला नाही, पण टाकलाही नाही.

शेवटी गुरांच्या डॉक्टरकडं नेलं. बाहेर एक म्हैसवाला, दोन कुत्री आणि डबा घेतलेला मी. डॉक्टर मात्र भला माणूस. खपलीजवळ चिकटपट्टी दाबून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकात दाखवली. बारीक किडा, केसांना धरून बसलेला. तुझ्या खरजेचा वेगळा, तो माणसाचा आणि कातडीत बोगदे करणारा. तेव्हा तुझी जात उंदरापेक्षा वरची, हे मान्य.

औषध आयव्हरमेक्टिन. तेच, जे म्हशीला 50 किलोमागं 1 मिली टोचतात. आता ज्वारीचं वजन किती? आमच्या युनिटमध्ये टॉवेलचा जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागं कापडाचं वजन, काढायचा काटा आहे, त्यावर डब्यात बसवून काढलं, 280 ग्रॅम. पोरं कामं टाकून बघत होती. एवढ्याशा जिवाला सरळ बाटलीतलं देता येतच नाही, थेंबसुद्धा जास्त. डॉक्टरांनी पातळ करून, मोजून दिलं. अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी परत. बाजरीलाही द्यायचं, ती खाजवत नसली तरी. मागच्या पायांच्या नखांची टोकं कापली. लाकडाचा भुसा काढून टॉवेलची कात्रणं घातली, शिवलेल्या कडांची. सुटा धागा असला की पायाला आवळून पाय जातो. सोलापुरात सुटा धागा नसलेलं कापड शोधायचं, म्हणजे बघ.

मधेच एकदा डोळ्यांतून लाल आलं. मी समजलो रक्त, संपलं सगळं. तर तो त्यांच्या अश्रूंतलाच रंग म्हणे, त्रासात असले की जास्त येतो. त्यात हे ऊन. त्यांना घाम येत नाही, अंगातली उष्णता शेपटीवाटे जाते. दुपारी माठाखालचं गार कौल आत ठेवतो, दोघी त्यावर पोट टाकून पडतात. आमची ही म्हणते, माझ्यासाठी कधी कौल ठेवलं नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. डॉक्टर जाता जाता बोलले, हा किडा अंगावर गुपचूप राहतो, जनावर थकलं की फोफावतो. ज्वारीला दोन वर्षं होऊन गेली. ही जात जगते दोन, फार तर तीन वर्षं. म्हणजे किडा मरेल, पण थकवा? पोरगी रोज रात्री फोनवर विचारते, ज्वारी काय करते. मी सांगतो, खाते. खोटं नाही ते. शेंगदाण्याचा अर्धा तुकडा दिला की दोन्ही हातांत धरून खाते. पण पोरीची नवी नोकरी, सुट्टी नाही, आणि मी म्हणालो "ये" तर ती रात्रीच्या गाडीत बसेल. गणपतीला येणारच आहे. तोवर थांबू? तू तुझ्या आजारात आईला कळवायचं नाही म्हणून माझ्याकडून शपथ घेतली होतीस. मग तिला कळल्यावर रागावली कुणावर? माझ्यावर.

वहिनींचा गुडघा कसा आहे? घराचा स्लॅब पडला का? माझी शुगर आहे तशीच.

तुझा पुतण्या शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेजात आहे ना? त्याला विचार, दुसऱ्या डोसनंतरही खाजवलं तर पुढं काय, आणि या वयात केस परत येतात का. आणि पोरीला सांगावं का, हे त्याला नको विचारू, तू सांग. लवकर.

तुझा,
बंड्या

ता. क. शेंगाचटणी पाठवतोय. तिखट लागली म्हणून बोंबलायचं नाही, तेल घालून खा.