खोट्या इशाऱ्यानंतरचे दिवस

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दर ऑक्टोबरमध्ये स्तनाच्या कर्करोगाविषयी वृत्तपत्रांतून आवर्जून लिहिले जाते आणि लवकर निदान करून घेण्याचे त्यातील आवाहन योग्यच असते. मात्र चाचणीने दिलेला इशारा खोटा ठरला, तर त्या स्त्रीच्या मनाचे काय होते, याचा उल्लेख त्या लेखनात क्वचितच आढळतो. मी निवृत्त शिक्षिका असून हा अनुभव स्वतः घेतला आहे.

गेल्या मार्चमध्ये, कसलाही त्रास नसताना, केवळ साठी ओलांडली म्हणून मी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, करून घेतली. शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. त्यात ‘बाय-रॅड्स ०’ असे होते. शून्य म्हणजे काही नाही, असे समजून मी निश्चिंत झाले. रात्री मुलाने खालची ओळ वाचून दाखवली, की पुढील तपासणी आवश्यक आहे. बाय-रॅड्स ही मॅमोग्राफीच्या निष्कर्षांची वर्गवारी आहे आणि तिच्यात शून्याचा अर्थ एवढाच, की हाती असलेल्या चित्रांवरून निष्कर्ष काढता येत नाही, आणखी चित्रे किंवा सोनोग्राफी हवी. पण हे सांगायला रविवारी केंद्रावर कोणी नव्हते. सोनोग्राफी, मग बायोप्सी आणि तिचा रिपोर्ट यांत सतरा दिवस गेले. तेवढ्यात मी बँकेची कागदपत्रे वेगळी काढली, सुनेला लॉकरची किल्ली कुठे असते ते दाखवले आणि वर्षाचे तिखट करायचे राहू दिले. शेवटी ‘गाठ साधी आहे’ एवढे सांगून मला घरी पाठवण्यात आले. घरच्यांनी पेढे वाटले. माझा हात मात्र अजूनही आंघोळीच्या वेळी त्याच जागी जातो, आणि हे कोणाला सांगू गेल्यास ‘आता सगळे ठीक आहे ना?’ या प्रश्नापुढे बोलणे खुंटते.

हा एकट्या माझ्या स्वभावाचा दोष असावा, असे मला वाटत होते. परंतु डेन्मार्कमधील ब्रोडरसन आणि सियर्स्मा या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळे सांगतो. खोटा इशारा मिळालेल्या स्त्रियांची मानसिक स्थिती तीन वर्षांनंतरही, आरंभीच निर्दोष रिपोर्ट मिळालेल्या स्त्रियांपेक्षा वाईट होती. आणि अंतिम निदानानंतर सहा महिन्यांनी मनःशांती व जीवनाकडे पाहण्याची दृष्टी यांतील बदल प्रत्यक्ष कर्करोग झालेल्या स्त्रियांइतकाच मोठा होता.

यावरून चाचण्याच नकोत, असे कोणी म्हणू नये. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केवळ हाताने स्तनतपासणी केली, तरी पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हा लाभ मोठा आहे. माझे म्हणणे इतकेच, की त्याची किंमत कोण देते, हेही स्त्रियांना आधी कळावे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते, की तपासणी केलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ४ जणींना पुन्हा बोलावले जाते आणि त्यांतील एकीलाच कर्करोग असतो. आपल्याकडचे आकडे वेगळे असू शकतील. परंतु परत बोलावलेल्यांपैकी अनेकींना काहीच नसते, एवढे एक वाक्य मला चाचणीपूर्वी कोणी सांगितले असते, तर ते सतरा दिवस मी निराळ्या तऱ्हेने काढले असते. असे सांगितल्यास बायका तपासणीला येणारच नाहीत, ही डॉक्टरांची शंका मी ऐकली आहे. पण भीती अगोदरच आहे, न सांगण्याने ती वाढते.

मोबाइलवर रिपोर्ट पाठवणे सोयीचे असेल, तरी पुढील तपासणीची शिफारस असलेला रिपोर्ट तरी समजावून सांगणारी व्यक्ती हजर असतानाच द्यावा, आणि शक्यतो शनिवारी देऊ नये. खासगी प्रयोगशाळांच्या ‘संपूर्ण तपासणी’च्या सवलतींबाबत तर अधिक सावधगिरी हवी. कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांचीही त्यांत सीए-१२५ ही बीजांडकोशाच्या कर्करोगाचा संशय तपासणारी रक्तचाचणी होते. हा आकडा मासिक पाळीत, एन्डोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढण्याच्या विकारात) किंवा पोटाच्या क्षयातही वाढतो, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, सीए-१२५ आणि सोनोग्राफी यांच्या खोट्या इशाऱ्यांमुळे १,०८० स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, तरी बीजांडकोशाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

माझी पुढील मॅमोग्राफी येत्या मार्चमध्ये आहे आणि मी ती करून घेणार आहे. या वेळी केंद्राला मी आधीच विचारून ठेवले आहे, की रिपोर्ट कोणत्या वारी मिळेल आणि त्या दिवशी डॉक्टर भेटतील का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली