मंत्रीसाहेब, २ एमबीपीएसमध्ये मॅच दिसत नाही हो

मा. केंद्रीय दूरसंचार मंत्री साहेब,
सोलापूरहून नमस्कार.

तुम्हाला मराठी चांगलं येतं असं ऐकलंय म्हणून मराठीतच लिहितोय, फाईलला लावायला कोणी इंग्रजी करून घेतलं तरी हरकत नाही.

सरकारी कागदावर ब्रॉडबँड म्हणजे कमीत कमी २ एमबीपीएस इंटरनेट स्पीड. हा आकडा जानेवारी २०२३ मध्ये आला, त्याआधी ५१२ केबीपीएस होता, म्हणजे चौपट केला म्हणून टाळ्या पण घेता येतील. पण २०१८ च्या डिजिटल कम्युनिकेशन धोरणात काय लिहिलं होतं? २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस. २०२२ संपलं आणि पुढच्याच महिन्यात व्याख्या आली २ ची! हा हिशोब आमच्या जुळे सोलापूर भागातल्या कुठल्याच पोराला लागत नाहीये.

२ मध्ये दिसतं काय? नेटफ्लिक्सवाले स्वतःच सांगतात, फुल एचडीला ५ पाहिजे, फोरकेला १५. यूट्यूब तर फोरकेला २० म्हणतं. आता रात्री आमच्यासारख्या घरात काय चाललेलं असतं बघा, हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर पिक्चर, आईची सिरीयल मोबाईलवर, पोराचा ऑनलाइन क्लास, आणि पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करणारा भाऊ व्हिडिओ कॉलवर, तेही नेमकं तेव्हाच. सगळं धरून ३० एमबीपीएस तरी लागतातच, आणि हे काय श्रीमंताचं घर नाही ओ, शहराच्या तेलुगू विणकरांच्या पूर्व भागात बघा, लूमवरून (यंत्रमागावरून) घरी आलेला माणूस पण आता तेलुगू पिक्चर नेटवरच बघतो.

तुम्ही म्हणाल २ चा प्लॅन आता विकतंय कोण, आता १०० चे प्लॅन मिळतात. बरोबर आहे. पण "अनलिमिटेड" च्या खाली बारीक अक्षरात एफयूपी, म्हणजे फुल स्पीडच्या डेटाची मर्यादा, असतो, तेवढा डेटा संपला की स्पीड पडतो, आणि पडून पडून २ वर आला तरी तुमच्या व्याख्येत ते ब्रॉडबँडच राहतं. मग तक्रार कशाची करायची? फोरके तासाला ७ जीबीपर्यंत खातो, रोज तीन तास लावला तर महिन्याला सहाशेच्या वर जातो, एका टीव्हीचा. वर बिलावर १८ टक्के जीएसटी आहेच, तो मात्र कधी स्लो होत नाही.

खरी गंमत रात्री नऊची. सोलापूरकराला हे समजवायला लागत नाही, उजनीची लाईन तीच पण सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की शेवटच्या घरात नळाला नुसती हवा येते. ऑपरेटरने पुढच्या मोठ्या कंपनीकडून घेतलेली बँडविड्थ, म्हणजे लाईनची एकूण क्षमता, ठरावीक, कनेक्शनं विकतो त्याच्या कितीतरी पट, दिवसा सगळं मस्त चालतं आणि आयपीएल सुरू झालं की गोल गोल फिरायला लागतं. पिक्चर निदान पुढचं आधीच साठवून ठेवतो नाहीतर गुपचूप क्वालिटी खाली आणतो, म्हणून लोकांना कळत पण नाही, लाईव्ह मॅचला पुढचं साठवायला फारसं काही नसतं त्यामुळे ती लवकर अडकते आणि शेजारच्या घरातून आधी आरडाओरडा ऐकू येतो.

फोन केला की आमचा ऑपरेटर म्हणतो स्पीड टेस्ट करा. केली की ९५ दाखवते! कारण टेस्टचा सर्व्हर बहुतेक वेळा त्यांच्याच नेटवर्कमध्ये किंवा अगदी जवळ असतो, आणि अडतं तर त्याच्या पुढे. घरचं वायफाय पण कधी कधी कारण असतं हे मान्य, कपाटावर ठेवलेला जुना राउटर दोन भिंतींपलीकडे काय देणार, पण केबल लावून सुद्धा तेच होत असेल तर?

आणि नियम नाहीत असं पण नाही. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २००६ च्या नियमातच होतं, गर्दीच्या वेळी सुद्धा लिंक ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेली नको. हे कोण तपासतं, कधी तपासतं आणि आमच्या एरियाचा आकडा आम्हाला बघायला कुठे मिळतो? ऑपरेटरप्रमाणे, शहराप्रमाणे, रात्री ८ ते ११ चा आकडा वेगळा काढून लावा, मुंबई पुण्याच्या सरासरीत आम्हाला घुसळू नका. जाहिरातीत "१०० पर्यंत" लिहिणाऱ्याला त्याच साईजच्या अक्षरात एफयूपीनंतरचा स्पीड पण लिहायला लावा. आणि ती २ ची व्याख्या निदान एक फुल एचडी व्हिडिओ चालेल एवढी तरी करा, ५० चं आम्ही नंतर बोलू.

तपासायला माणूस पाठवणार असाल तर रविवारी मॅच असताना रात्री पाठवा, सकाळी अकराला नको. सकाळी अकराला आमचं पण नेट पळतंय.

तुमचा,
एक सोलापूरकर ग्राहक