गोळी कशाची आहे, हे पाकिटावर लिहा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आईला रात्री अंगाला फार खाज सुटायची. डॉक्टरांनी हायड्रॉक्सिझीन लिहून दिलं, २५ मिलिग्रॅम, रात्री एक. घरी आली ती हायड्रालाझीन, तीही २५ मिलिग्रॅमचीच. पहिली गोळी खाजेवरची, गुंगी आणणारी. दुसरी रक्तदाब उतरवणारी, आणि तिने छातीत धडधडतं, डोकं दुखतं. रात्री दीड वाजता छातीवर हात धरून पलंगाच्या कडेला बसलेली आई मला अजून डोळ्यांपुढे दिसते.

दुसऱ्याच दिवशी मी औषधाच्या दुकानात फोन करून विचारलं होतं, "या गोळीचा झोपेवर काही परिणाम होतो का?" उत्तर आलं, "हो, छान झोप लागेल. रात्रीच द्या." मी नाव वाचलं एक, पलीकडे ऐकू गेलं दुसरं. सांगणाऱ्याने चुकीचं काही सांगितलं नाही, पण ते आमच्या हातातल्या गोळीबद्दल नव्हतं. त्या भरवशावर मी आणखी चार रात्री आईला तीच गोळी दिली. रक्तदाब मोजायला आलेल्या नर्सबाईंनी पट्टी उलटून वाचली, तेव्हा घोळ लक्षात आला. आई सावरली. पण माझ्या हातून दिलेल्या त्या गोळ्या माझ्या मनातून जात नाहीत.

ही जोडगोळी काही नवी नाही. अमेरिकेत ही दोन नावं छापताना मधली वेगळी अक्षरं मोठ्या लिपीत छापण्याची शिफारस आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात, म्हणून आपल्याला ठळक ठसा किंवा वेगळा रंग वापरावा लागेल. त्यात अवघड काय आहे? नाव बदलायची वेळ आली तर तेही होऊ शकतं. आम्लपित्तावरचं लोसेक आणि लघवी वाढवणारं लॅसिक्स यांची गल्लत होऊ लागली, तेव्हा १९९० साली तिथे लोसेकचं प्रायलोसेक झालं. नैराश्यावरचं ब्रिंटेलिक्स आणि रक्त गोठू न देणारं ब्रिलिंटा यांच्यात घोटाळे झाले, म्हणून २०१६ साली ब्रिंटेलिक्सला ट्रिंटेलिक्स हे नाव मिळालं.

झोपेचं म्हणाल, तर कित्येक साध्या औषधांनी ती बिघडते, आणि बऱ्याचदा फक्त वेळ चुकल्यामुळे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सकाळी घ्यायचं असतं. रात्री घेतलं की डोळ्याला डोळा लागत नाही. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड संध्याकाळी उशिरा घेतलं की माणूस रात्रभर लघवीला उठतो. रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉलने काहींना भयंकर स्वप्नं पडतात. दम्यावरच्या मॉन्टेलुकास्टमुळे मनावर आणि झोपेवर होणाऱ्या परिणामांबद्दल अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० साली चौकटीतला कडक इशारा छापायला लावला. खुद्द झोपेच्या गोळीचंही तसंच. झोल्पिडेमचा अंमल सकाळीही उरतो, म्हणून २०१३ साली स्त्रियांसाठीची सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली गेली. हे न कळल्याने लोक एका गोळीने उडालेली झोप दुसऱ्या गोळीने आणू पाहतात. काही जण गोळीच बंद करून टाकतात, आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड असं एकाएकी सोडणं जिवावर बेतू शकतं.

महोदय, मुख्य मागणी एका ओळीची आहे. चिठ्ठीवर आणि पाकिटावर औषधाच्या मूळ नावाशेजारी 'कशासाठी' हे लिहिणं सक्तीचं करा. आमच्या पाकिटावर 'रक्तदाबासाठी' एवढा एक शब्द असता, तर पहिल्या रात्रीच माझा हात थांबला असता. त्याच ओळीत घ्यायची वेळ आणि 'झोप येते' किंवा 'झोप उडू शकते' हेही यावं. फोनवर औषध सांगताना नाव अक्षर-अक्षर फोडून सांगायचं आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं, हाही नियम व्हावा. नव्या औषधाला नाव देतानाच ते जुन्या नावांशेजारी ठेवून, मोठ्याने उच्चारून तपासलं जावं.

सध्या आईच्या प्रत्येक पाकिटावर मी स्वतः पेनाने लिहिते : खाजेसाठी, रात्री, झोप येते. ज्यांच्या घरी लिहिणारं कुणी नाही, त्यांच्या पाकिटावर ही ओळ छापून यावी.

आपली,
रोज आईच्या गोळ्या काढून देणारी एक मुलगी